एकशे एक

ओतारूत फेब्रुवारी म्हणजे माणसापेक्षा बर्फ उंच.
बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस,
सहा माणसं, रॉकेलचा एक स्टोव्ह,
आणि माझं काम: तिला मारून पाहणं.

म्हणजे ती नीट मरते का, ते.
विहिरीत पाण्याचा आवाज वेळेवर येतो का,
गच्चीवरून पडताना पडदा काळा होतो की नुसताच अडकतो,
शवपेटी मिटल्यावर पियानो थांबतो का.
एकोणीस वाईट शेवट, दोन चांगले,
आणि चांगल्या दोन्हींतही ती घरी जात नाही.

खेळ सुरुवातीलाच नाव विचारतो.
घाईतला तपासनीस खरं नाव देत नाही,
एकच कळ चारदा दाबतो: आआआआ.
मग भूशिरावरच्या त्या विलायती हवेलीत
मेणबत्ती घेऊन तो जिना उतरतो,
आणि अक्षरांत म्हणतो,
"आआआआ, तुझ्याविना ही रात्र मला सोसवत नाही."
आवाजात मात्र नाव नसतंच.
नट ते गाळून बोलतो, ते कुणाचंही असू शकतं म्हणून;
"तुझ्याविना"च्या आधी श्वासाएवढी पोकळी.
त्या पोकळीत मी किती वेळा
माझं तोवाको ठेवून पाहिलं,
हे बगांच्या यादीत लिहायची सोय नाही.

खोटं कशाला बोलू, मला तो आवडतो.
ते पांढरे हातमोजे, आरशांवर टाकलेली कापडं,
"बाहेर वादळ आहे" हे त्याचं रोजचं,
बाहेर वादळ नसतानाही.
मुरोरानला माझ्याबरोबर राहणारा माणूस
हेच म्हणायचा, साध्या शब्दांत:
इतक्या रात्री कुठे निघालीस, किल्ली दे.
त्याच्या हातात मेणबत्ती नव्हती,
म्हणून मला लवकर दिसलं.
लवकर म्हणजे चार वर्षांनी.

काल मध्यरात्रीनंतर एक ओळ सापडली,
पडद्यावर कधीच न येणारी.
शेवटच्या पायरीवर तो थांबतो.
हातमोजा काढतो.
(त्या हाताचं चित्रही कुणी काढून ठेवलंय,
नखं कुरतडलेली, शाळकरी पोरासारखी.)
फाटकाची किल्ली पायरीवर ठेवतो
आणि म्हणतो, "जा. मी मागे येणार नाही."
रेकॉर्डिंगसुद्धा आहे. नट मध्येच खोकतो;
कुणी कापलेलं नाही.

अट अशी: प्रेम एकशे एक.
आणि मोजपट्टी शंभरावर थांबते.
शंभर भरले की त्याचे दात, तिची मान, लाल पडदा.

हे सगळं कुझुमीबाईंचं लिखाण.
ऑक्टोबरात त्या गेल्या, कुणालाच न सांगता;
चपलांच्या कप्प्यात त्यांच्या हिरव्या सपाता अजून आहेत.
हात चुकला असेल, म्हणावं तर
एकेका स्वल्पविरामासाठी तासभर भांडायची बाई ती.

होसाका म्हणतील, काढून टाक, कुणाला दिसतेय?
किंवा म्हणतील, अट शंभर कर, तिसरा चांगला शेवट, खपेल.
पण शंभरला किल्ली दिली
तर ती गोड बोलणाऱ्या प्रत्येकीला मिळेल,
बक्षीस म्हणून.
आणि किल्ली तर मुळात तिचीच होती ना.

पहाटे बर्फ ढकलणारी गाडी गेली, खिडक्या थरथरल्या.
मी नवा खेळ उघडला
आणि नाव लिहिलं, पूर्ण.
जिना. मेणबत्ती. वादळ.
"तोवाको," अक्षरं म्हणाली.
आवाज नेहमीसारखा तेवढ्यापुरता गप्प.

यादीत नोंद केली:
ओळ ४४१७. तिथवर पोचता येत नाही.
गंभीर की किरकोळ, या रकान्यात
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

स्टोव्ह विझला होता. डबा घेऊन
खालच्या कोठीत रॉकेल आणायला निघाले,
आणि अर्ध्या जिन्यावर लक्षात आलं,
पायांत कुझुमीबाईंच्या सपाता आहेत.
दोन बोटं मोठ्या.